फोनवर सांगितलेली गोळी

जबलपूरहून परत येऊन आता दीड महिना झाला. हिंगणघाटात जो भेटतो तो विचारतो, धुआंधार धबधबा पाहिला का, संगमरवराच्या खडकांमधून नावेत फिरलीस का. नाही. नऊ दिवस मी त्या शहरात होते, भेडाघाट काही फार लांब नव्हता, पण गेले नाही. मी पाहिलं ते रांझी भागातलं एक क्वार्टर, एका मोठ्या दवाखान्यातला लहान मुलांचा वॉर्ड आणि पनागरच्या पुढचं एक मुळ्याचं शेत. तेवढंच लिहिणार आहे. जे मला अजूनही फोन करून विचारतात की पोरीचं पोट दुखून राहिलं, कोणती गोळी देऊ, त्यांनी तरी हे वाचावं.

आमचे बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आई अजूनही अंगठा लावते. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मी. बीएस्सी, प्राणिशास्त्र, फर्स्ट क्लास. आज त्याच कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण झालं काय, की पदवी हातात आल्याबरोबर सगळ्या नातेवाइकांची मी डॉक्टर झाले. "सायन्स शिकली ना ती, तिला विचारा." आणि मी सांगत गेले. हे मला माहीत नाही, असं मी एकदाही म्हटलं नाही. म्हणता आलं असतं.

वंदनाताई माझी सख्खी मोठी बहीण. लग्न होऊन जबलपूरला गेली. भाऊजींचे आजोबा अमरावतीकडून तिकडे गेलेले. भाऊजी स्वतः तिथल्या कारखान्यात कामगार आहेत. त्यांची एकुलती एक तनू, अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देते, आणि मला मावशी न म्हणता मौसी म्हणते.

दिवाळी झाल्यावर ताईचा फोन आला. तनूचं डोकं दुखतं, झोपेत दात खाते, बोलता बोलता मधेच थांबते आणि एकटक पाहत राहते. मी विचारही केला नाही. म्हटलं, पोटात जंत आहेत. ताई म्हणाली, शाळेत एक गोळी दिली होती की. मी म्हटलं, एकीनं काय होतं, तीच गोळी तीन दिवस दे. मेडिकलवाल्यानं काही न विचारता दिली. फरक पडला नाही. ताईनं परत फोन केला, तेव्हा एवढंही म्हणाली की डाव्या डोळ्यापुढे काळं काहीतरी तरंगतं म्हणते. मी म्हटलं, मोबाइल काढून घे तिच्या हातातून. हट्टी जंतांना हेच औषध दिवसातून दोनदा, जास्त दिवस देतात, असं मी कुठंतरी वाचलं होतं. ते सांगितलं. आठवडाभर दे म्हटलं, अर्धवट सोडू नको.

पाचव्या दिवशी शाळेच्या प्रार्थनेत तनू पडली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. झटके थांबता थांबेनात, म्हणून दवाखान्यात भरती केली. भाऊजींचा फोन आला, "ये बाई, डॉक्टर काय बोलतात आम्हाला समजून नाही राहिलं." मी रजा टाकली. खरं सांगायचं तर निघताना मला आपण कामाला येणार याचं बरंच वाटत होतं.

हिंगणघाट ते रांझी

नागपूरहून जबलपूरची बस पकडली. खवासा ओलांडलं की पेंचचं जंगल लागतं. तिथे रस्ता खांबांवर उचललेला आहे, खालून जनावरं जावीत म्हणून. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं सिवनीपर्यंत खिडकी सोडली नाही, वाघ दिसेल या आशेनं. सिवनीला चहा घेतला. तोवर पिशवीतल्या लिंबाच्या लोणच्याचं झाकण सैल होऊन तेल माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीवर उतरलं होतं. ती वही मी तनूसाठी नेत होते. मागे ती आमच्याकडे आली तेव्हा त्यातली बेडकाची आणि झुरळाची चित्रं दोन दोन तास पाहत बसायची.

आपल्याकडचा कापूस मागेच संपतो. लखनादौनपासून पुढे गहू, हरभरा आणि वाटाणा. जबलपूरच्या आधी नर्मदा लागते. पुलावर बस आली आणि आख्ख्या बसनं हात जोडले, ड्रायव्हरनंसुद्धा एक हात उचलला. आमच्या वणा नदीला कोणी हात जोडत नाही. मीही जोडले. मागायचं काय ते ठरलेलंच होतं.

रांझीला पोचले तेव्हा कारखान्याची पाळी सुटली होती. सायकली आणि मोटारसायकलींचा लोंढा, त्यातून वाट काढत क्वार्टर गाठलं. भाऊजी तनूजवळ दवाखान्यात होते. ताई डबा करायला घरी आलेली. तिनं मला जेवायला वाढलं. वरण, पोळी, आणि ताटाच्या कडेला कच्चा मुळा, वर मीठ. इकडे हिवाळ्यात मुळ्याशिवाय ताट होत नाही. मी दोन फोडी खाल्ल्या. ताई म्हणाली, घे अजून, शेतावरूनच धुतलेला येतो.

मग ती ओट्याशी उभी राहून पाठमोरीच बोलली.

"गोळ्यांचं तिथं काही बोलू नको."

"काहून?"

"काहून म्हणजे? मी सांगून दिलं डॉक्टरला, घरी काहीच औषध दिलं नाही म्हणून. ह्यांनाही माहीत नाही. माहीत झालं तर तुझं नाव निघन. माझ्या माहेरात शिकलेली एक तू आहेस. तेवढी तरी राहू दे."

मग तीच म्हणाली, "अन् ती गोळी चुकलीच असं कोण म्हणते? सरकार शाळेत वाटते ती."

त्या शेवटच्या वाक्याला मी धरून राहिले. शाळेतली ती एक गोळी चांगलीच आहे, हे मी आजही सांगते. पण मी एक सांगितली नव्हती.

दवाखाना

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या फाटकाबाहेर भाऊजींनी पोहे आणि जलेबी खाऊ घातली. आपल्या पोह्यांवर झणझणीत तर्री असते, इथे शेव आणि बाजूला जलेबी. भाऊजींनी स्वतः काही घेतलं नाही. पोहेवाल्याला मात्र सांगितलं, "मेरी साली है भैया, बीएससी पास." चार दिवस न झोपलेला माणूस, पण ते सांगताना ताठ उभा राहिला.

तनूला सलाईन लावलेलं होतं. ओठ सुकलेले, जिभेला चावा बसलेला. म्हणाली, "मौसी, आप आ गईं?" मी वही दिली. तेलाचे डाग पाहून तिनं नाक मुरडलं, मग पानं उलटू लागली. डोकं एका बाजूला वळवून, पक्षी पाहतो तसं पाहत होती. मला वाटलं, अशक्तपणा आहे.

वॉर्डच्या डॉक्टर मॅडम मराठी निघाल्या. त्यांचं घराणं पेशवाईत जबलपूरला आलेलं, सिविल लाइंसला राहतात. मराठी अगदी नीट, घरात जपून ठेवलेल्या कपबशीसारखी. त्यांनी मेंदूची फिल्म उजेडावर धरली. बारा-तेरा पांढऱ्या कड्या, प्रत्येकीभोवती सूज. म्हणाल्या, या क्षयाच्या गाठी असू शकतात, नाहीतर डुकराच्या पट्टकृमीच्या अळ्यांच्या गाठी असू शकतात.

डुक्कर हा शब्द ऐकला आणि भाऊजींचा चेहरा बदलला. "मॅडम, आमच्या घरी अंडं नाही येत."

मॅडमनी समजावलं, की मांस खाण्याशी याचा संबंध नाही. ज्याच्या पोटात तो कृमी आहे त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या हातातून, पाण्यातून, भाजीतून कोणाच्याही पोटात जातात, शाकाहाऱ्याच्याही. भाऊजी ऐकत नव्हते. खालच्या आवाजात ताईला विचारत होते, पोरगी शाळेत कोणाच्या डब्यातलं खाते.

मॅडम पुढे म्हणाल्या, "दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. क्षयाचं औषध महिनोन् महिने चालतं, उगाच नाही देता येत. माझी अडचण ही आहे, की इतक्या गाठी एकाच वेळी कशा सुजल्या? मागच्या महिन्या-दोन महिन्यांत जंताचं औषध दिलं होतं का?"

ताई म्हणाली, "शाळेत एक गोळी मिळाली होती, बस."

"आणि या?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. भाऊजी लगेच म्हणाले, माझी साली, झूलॉजीची ग्रॅज्युएट. मॅडम जरा हसल्या. "मग तुम्हाला मी काय विचारते ते कळत असेल. घरी आणखी काही दिलं होतं?"

ताई खाली पाहत होती. भाऊजी माझ्याकडे पाहत होते.

मी म्हणाले, "नाही."

त्या "बरं" म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. एका तपासणीचा निकाल यायचा होता. तो आला की क्षयाचं औषध सुरू करायचं, आणि डोळ्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात.

पनागरच्या पुढे

तिसऱ्या दिवशी भाऊजी सुटी घेऊन आले आणि म्हणाले, "चल, तुला दाखवतो आम्ही काय खातो ते." डुकराचं त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. बाजारातली शिळी भाजी आम्ही खातच नाही, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा अभिमान. दर रविवारी मोटारसायकलवर तनूला पुढे बसवून पनागरच्या पुढच्या एका शेतावर जायचं आणि आठवड्याची भाजी आणायची.

रस्ता छान होता, हे लिहायला पाहिजे. धुकं उठत होतं, दोन्हीकडे वाटाण्याचे वेल, बाया ओळीनं बसून शेंगा तोडत होत्या. शेत एका नाल्याच्या कडेला होतं. फूलवती नावाची बाई ते कसते. आम्हाला पाहून लांबूनच ओरडली, "बिटिया कैसी है भैया?" आजारी आहे म्हटल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. मग उपटलेल्या मुळ्यांची एक जुडी उचलली, नाल्याच्या कडेच्या डबक्यात दोन-तीनदा विसळून काढली, आणि वर धरली. "देखो, दूध जैसी. बिटिया को पसंद है, ले जाओ."

खरोखर दुधासारखी पांढरी. माती पार गेलेली. म्हणूनच घरी पुन्हा कोणी धुवत नव्हतं. भाऊजींनी एक मुळा मोडला, अर्धा स्वतः तोंडात घातला, अर्धा मला दिला. म्हणाले, तनू इथूनच खायला सुरुवात करते, घरी पोचेपर्यंत दोन संपवते.

मी मुळा हातात घेऊन उभी होते. डबक्याच्या पलीकडे डुकरं चिखलात तोंड खुपसून होती. त्यांच्या मागच्या झुडपातून एक माणूस डबा घेऊन उठला आणि पाण्याशी येऊन हात धुवून गेला.

पट्टकृमीचं जीवनचक्र मी बीएस्सीला काढलं होतं. एका बाजूला माणूस, एका बाजूला डुक्कर, मध्ये बाण. सरांनी लाल शाईत उत्तम लिहिलं होतं. त्या आकृतीत आणखी एक बाण असतो, माणसाकडून परत माणसाकडे. तो मी तुटक रेघेचा काढला होता, कारण सर म्हणाले होते, हे परीक्षेला येत नाही. आमच्या प्रयोगशाळेत त्या कृमीची बाटली आहे. दर शनिवारी मी तिच्यावरची धूळ पुसते. आणि काल डॉक्टर मॅडम तेच सगळं बोलत असताना मी तिथे सुशिक्षित म्हणून उभी होते.

"खा ना," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, थुंका ते. आणि आधी दवाखान्यात चला."

त्यांना वाटलं, दवाखान्यातून फोन आला. माझ्याकडे पाहिलंही नाही, गाडीला किक मारली. पूर्ण रस्ताभर मी त्यांच्या पाठीमागे बसून वाक्य जुळवत होते. एकही जुळलं नाही.

परत दवाखाना

मॅडम ओपीडी संपवून वॉर्डात आल्या होत्या. ताई तनूच्या पायाशी बसलेली. भाऊजी मुळ्याची जुडी हातात घेऊन तसेच आत आले. ती ठेवायची कुठे हे त्यांना सुचलं नसावं.

मी म्हटलं, "मॅडम, काल मी खोटं बोलले. जंताची गोळी दिली होती. आधी तीन दिवस रोज एक, मग दिवसातून दोन, पाच दिवस. मी फोनवर सांगितली होती. ताईनं माझं ऐकलं."

मॅडमनी रागावायला पाहिजे होतं. त्या रागावल्या नाहीत. गोळी किती पॉवरची, पहिली कधी, शेवटची कधी, झटका त्यानंतर किती वेळानं, एवढंच विचारत आणि लिहीत गेल्या. मग म्हणाल्या, "आणखी काही?"

"डाव्या डोळ्यापुढे काळं तरंगतं म्हणत होती. दिवाळीपासून."

मॅडमचा पेन थांबला. त्यांनी तनूचा उजवा डोळा स्वतःच्या तळहातानं झाकला आणि दोन बोटं वर केली. "कितनी हैं बेटा?"

तनू म्हणाली, "दिख नहीं रहा. हाथ हटाइए ना."

मॅडम उभ्या उभ्याच डोळ्यांच्या विभागाला फोन करू लागल्या. भाऊजी माझ्याकडे पाहत होते. मुळ्यांचं पाणी त्यांच्या बुटावर ठिबकत होतं.

क्षयाचं औषध सुरू झालं नाही. सूज उतरवायला स्टेरॉइड आणि झटक्यांचं औषध वाढवलं, आणि दोन दिवसांत पोरगी उठून बसली. मेंदूतल्या सुजेतून ती वाचली. डोळ्याचं तसं झालं नाही. डाव्या डोळ्याच्या आत एक अळी होती. ती मेली, तिच्याभोवती सूज आली आणि मागचा पडदा सुटला. डोळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. दृष्टी परत येणार नाही, हे त्यांनी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं.

मॅडमनी मला बसवून समजावलं. "औषध वाईट नाही. ते आपलं काम करतं, अळीला मारतं. पण अळी मेली की तिच्याभोवती सूज येते. पोटात मेली तर काही बिघडत नाही, बाहेर पडते. मेंदूत मेली तर मेंदू सुजतो. म्हणून आधी पाहायचं ती कुठे आहे, मग सूज आवरायचं औषध, मग हे. आणि डोळ्यात असेल तर हे द्यायचंच नाही."

मी विचारलं, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?"

त्या म्हणाल्या, "तर पहिल्याच दिवशी पाहिलं असतं."

मी पुन्हा विचारलं नाही.

ताई दीड दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एकदा नळावर डबा धुताना म्हणाली, "मी तुला झाकून राहिली होती, अन् तू सगळ्यांसमोर उघडी पडली. अन् मलेही पाडलं." मी डबा तिच्या हातातून घेऊन धुवायला लागले. तिनं तो परत घेतला.

शेवटचे दिवस

सातव्या दिवशी मी एकटीच बसनं पनागरला गेले आणि फूलवतीला सांगितलं, की भाजी त्या पाण्यात धुवू नका, काय होतं ते आमच्या घरी पाहा. तिला वाटलं मी तक्रार करायला आले. मग ऐकून घेतलं, तनूच्या डोळ्याचं ऐकून रडलीसुद्धा. गावातला हातपंप तिथून बराच लांब. ती त्या डबक्याकडे पाहत म्हणाली, "दूसरा पानी कहाँ है दीदी?" तेव्हा मात्र मी म्हटलं, माहीत नाही. परत येताना दवाखान्याच्या वाटेवर गक्कड-भर्ता मिळतं, म्हणजे आपले रोडगे आणि वांग्याचं भरीत. ते घेतलं, भरतावरची कच्ची कोथिंबीर बाजूला काढली आणि उरलेलंही खाववलं नाही.

तनू पट्टी बांधून वही पाहत बसायची. आठव्या दिवशी तिनं पट्टकृमीचं ते पान उघडलं. म्हणाली, "मौसी, ये वाला तीर डॉट-डॉट क्यों है?" मी तिला सगळं सांगितलं, अळी, मुळा, नाला, आणि फोनसुद्धा. लहान आहे म्हणून काही गाळलं नाही. तिनं विचार केला. मग विचारलं, "तो आपको पता था?"

"हो," मी म्हटलं. "पता होतं."

तिनं पान उलटलं. पुढं झुरळ होतं.

नवव्या दिवशी तनूला दवाखान्यातून सुटी झाली. झटक्यांचं औषध पुढे बरेच दिवस चालणार होतं. कोणती गोळी किती, कधी, जेवणाआधी की नंतर, याचा इंग्रजीत लिहिलेला लांब कागद सिस्टरनं भाऊजींच्या हातात दिला. आमच्याकडे कोणताही कागद आला, बँकेचा असो, शाळेचा, कोर्टाचा, तो उलगडायच्या आधी माझ्याकडे येतो. भाऊजींकडेही तेच होतं. फोटो काढून मला पाठवायचे. मी पलंगाच्या अलीकडे उभी होते. कागद त्यांच्या हातात पाहिला आणि माझा हात आपोआप पुढे झाला.

भाऊजींनी तो हात पाहिला. ते रागावलेले नव्हते, उलट जरा संकोचलेले दिसले. माझ्या बाजूनं वळसा घालून ते परत काउंटरवर गेले, तिथे चार माणसांच्या मागे उभे राहिले, आणि नंबर आल्यावर कागद सिस्टरसमोर ठेवून म्हणाले, "सिस्टर जी, एक बार आप ही पढ़ के बता दीजिए."